गाळा आपला, मॉल कुणाचा?

प्रश्न : ताई, 2006 मध्ये निवृत्तीच्या पैशातून एलबीएस मार्गावरच्या एका मॉलमध्ये पहिल्या मजल्यावर 180 चौरस फुटांचा गाळा घेतला. आधी मोबाइलवाला भाडेकरू होता, मग टॅटूवाला. गेली चार वर्षं शटर बंद. सुपरमार्केट गेलं, थिएटर गेलं, सरकता जिनाही बंद पडलाय. मेंटेनन्सचं बिल तेवढं न चुकता येतं. घाटकोपरचा मॉल रविवारी ओसंडून वाहतो, मग आमचाच ओस का? मुलगा म्हणतो, मिळेल त्या भावात फुंकून टाका. काय करू?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, मुलुंड पश्चिम

उत्तर : काका, मुलाला म्हणावं जरा दम धर.

मॉलचं नाव लिहिलं नाहीत तरी नकाशा डोळ्यांसमोर आला. अशाच दोन मॉलमध्ये गाळे भाड्याने लावायचं काम मी नऊ वर्षं केलंय. घाटकोपरचा आर सिटी 2009 मध्ये उघडला तो गाळे भाड्याने देऊन. कुठलं दुकान कुठे बसवायचं, कुणाला उठवायचं, हे तिथे एकजण ठरवतो. थिएटर सगळ्यात वर आणि जिने दोन टोकांना का असतात? सिनेमाचं गिऱ्हाईक उतरताना प्रत्येक मजला चालून जावं म्हणून. तुमच्याकडे बिल्डरने गाळे सुटे विकले आणि मोकळा झाला. शेजारी झेरॉक्सवाला येवो की टाळं लागो, विचारणारं कुणी नाही. त्यात सुपरमार्केट आणि थिएटर गेलं, म्हणजे माणसं आणणारे दोन्ही गेले. पुढे रस्त्यात मेट्रो 4 च्या कामाचे आडोशाचे पत्रे लागले, पण मी सगळं खापर त्यांच्यावर फोडणार नाही. दुखणं आधीचंच होतं.

माझे वडील भांडुपला कारखान्यात फिटर होते. घरात एलबीएस मार्गाला शेवटपर्यंत आग्रा रोडच म्हणायचे. पाळी सुटली की सायकलींच्या लोंढ्यात बेस्टची बस अडकायची. पुढे तिथे तयार होणाऱ्या मालापेक्षा खालची जमीन महाग झाली, आणि एकेक कारखाना मॉलला, टॉवरला वाट देऊन गेला. आता पाळी मॉलची आहे. म्हणूनच घाईने विकू नका म्हणते. तुमच्या शटरला आज कवडीचा भाव येईल, पण पुनर्विकास झालाच तर किंमत जमिनीतल्या वाट्याची होईल.

आधी नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि जमीन कुणाच्या नावावर आहे ते बघा. अजून बिल्डरचंच नाव असेल तर कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणं, झालेला नाही. सोसायटी नोंदलेली असेल तर डीम्ड कन्व्हेयन्ससाठी, म्हणजे बिल्डरने सही दिली नाही तरी जमीन नावावर करून घ्यायला, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखालची असोसिएशन असेल तर वाट थोडी वेगळी, तेव्हा कागद घेऊन वकिलाकडे जा. करारात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, किती लिहिलंय तेही वाचा. मॉलमधले 180 फूट मोजायला गेलं की शंभराच्या आसपास भरतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय (आणि गाळे भाड्याने लावताना गप्प बसलेय, तेही कबूल करते).

मेंटेनन्स जिवावर येतो, समजतं. तरी थकवू नका. थकबाकीदार ठरलात तर सोसायटीच्या कमिटीवर उभं राहता येणार नाही, आणि तुमच्या मॉलला सध्या हिशेब वाचता येणारा माणूसच हवा आहे. तोवर गाळा शिंपी, क्लासवाला, कुरिअरवाला, कुणालाही द्या. भाड्यातून बिल निघालं तरी पुष्कळ.

आणि गाळा बघायला जाल तेव्हा त्या बंद जिन्यावर कठडा धरून चढा. खालच्या आणि वरच्या दोन-तीन पायऱ्या बुटक्या असतात, पाय हमखास अडखळतो.