वाचकांचे प्रश्न : मेंढा (लेखा) हे गाव नेमके कसे आहे?

प्रश्न : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा नेहमी कानावर पडते. ती देणारे मेंढा हे गाव प्रत्यक्षात कसे आहे आणि तेथे शासनाचे कायदे मानले जात नाहीत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : मेंढा हे गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील गोंड आदिवासींचे लहानसे गाव आहे. गडचिरोलीहून धानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे 30 किलोमीटरवर ते लागते. वस्ती पाचशेच्या आसपास आहे. मेंढा नावाची गावे आणखीही असल्याने शेजारच्या लेखा या गावाचे नाव कंसात जोडून ते ओळखले जाते. पावसावरचा भात हे मुख्य पीक. मात्र शेतीच्या कितीतरी पट मोठे जंगल गावाभोवती आहे आणि बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, चारोळी, डिंक, मध, सरपण यांसाठी वर्षातील बराच काळ लोकांचे जगणे त्या जंगलावर चालते.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर स्पष्टपणे ‘मानले जातात’ असे आहे. घोषणेचा पूर्वार्ध अनेक जण उद्धृत करताना गाळतात आणि मग उरलेले वाक्य बंडासारखे वाटू लागते. वस्तुतः कायद्याची कलमे इतक्या बारकाईने वाचून ती अमलात आणायला लावणारी गावे महाराष्ट्रात फार थोडी असतील. या प्रवासाचे मूळ 1980 च्या दशकातील इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या प्रस्तावित धरणांच्या विरोधात झालेल्या ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात आहे. धरणांना विरोध करताना जे जंगल वाचवायचे त्याचा कारभार कोणी पाहायचा, हा प्रश्न पुढे आला आणि देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी व ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्याचा पाठपुरावा पुढची अनेक वर्षे केला.

प्रश्न : मेंढ्याच्या ग्रामसभेत मतदान होत नाही, सर्वसहमतीनेच निर्णय होतात असे वाचले. माणसे म्हटली की मतभेद आलेच; मग हे व्यवहारात कसे शक्य होते? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. सर्वसहमती म्हणजे सगळ्यांनी एका सुरात माना डोलावणे अशी कल्पना केली, तर ती कोणत्याही गावात टिकणार नाही. मेंढ्यातील रीत अशी की, एकाही व्यक्तीचा विरोध असेल तर निर्णय पुढे ढकलायचा, विरोध करणाऱ्याचे कारण ऐकून घ्यायचे आणि विषय पुन्हा चर्चेला आणायचा. यात वेळ जातो, काही वेळा महिनेच्या महिने जातात. परंतु बहुमताने घेतलेल्या निर्णयात हरलेली बाजू घरी जाऊन तो निर्णय मोडण्याच्या वाटा शोधत बसते, आणि जंगल राखण्याच्या कामात तर हे विशेष घातक ठरते; कारण रात्री कुऱ्हाड घेऊन जाणारा एकच माणूस साऱ्या गावाचा नियम निरर्थक करू शकतो. म्हणून उशिरा झालेला पण सर्वांनी मनापासून स्वीकारलेला निर्णय येथे स्वस्त पडतो, असे आमचे मत आहे.

या पद्धतीचा कमी चर्चिलेला भाग म्हणजे अभ्यासगट. निर्णय ग्रामसभा घेते. अभ्यासगट केवळ विचार करतो. त्यात बाहेरचा जाणकार येऊन बसू शकतो, कायद्याचा मसुदा वाचला जातो, ज्याला जे पटत नाही ते तो बोलतो, आणि तेथे काहीही ठरवायचे नसल्यामुळे कोणाला आपली बाजू जिंकवण्याची घाई नसते. चर्चा आणि निर्णय यांची अशी फारकत केल्याने बाहेरच्या तज्ज्ञाचे ज्ञान गावाला मिळते, पण निर्णयाची दोरी त्याच्या हाती जात नाही. गावात काम करणाऱ्या संस्थांनी हा भाग नीट समजून घ्यावा, असे सुचवावेसे वाटते. कारण त्यांच्यापैकी अनेकांच्या बैठकांत निर्णय आधीच झालेला असतो आणि गावकऱ्यांना सह्यांपुरते बोलावलेले असते.

अर्थात, कारभाराची ही घडी 2006 च्या वनहक्क कायद्याच्या बरीच आधी बसलेली होती. कायदा आल्यावर हक्क मागायला आणि मिळाल्यावर तो चालवायला गाव तयार होते, ते यामुळेच.

प्रश्न : बांबूमुळे हे गाव श्रीमंत झाले, हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘श्रीमंत’ हा शब्द जपून वापरावा. मेंढ्याला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल वापरण्याचा व राखण्याचा गावाचा एकत्रित हक्क, मिळाला आणि असा हक्क मिळवणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना झाली. तरीही बांबू विकता येईना, कारण 1927 च्या भारतीय वन अधिनियमातील व्याख्येनुसार बांबू हे झाड ठरत होते आणि वाहतुकीचा परवाना वनविभागाच्या हाती होता. याउलट 2006 च्या कायद्याने बांबूचा समावेश गौण वनोपजात (इमारती लाकूड सोडून जंगलातील इतर उत्पन्नात) स्पष्टपणे केलेला होता. तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मार्च 2011 मध्ये राज्यांना याबाबत पत्र लिहिले आणि 27 एप्रिल 2011 रोजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्यांचे पुस्तक मेंढ्याच्या ग्रामसभेकडे सोपवले. त्यानंतर ग्रामसभेने स्वतः बांबू तोडून विकला, मजुरी गावात राहिली आणि गावाच्या नावे निधी जमा झाला.

मात्र विदर्भातील या जंगलांत आढळणारा मानवेल जातीचा बांबू काही दशकांनी एकदाच, एकाच वेळी मोठ्या प्रमाणावर फुलतो आणि मग वाळून जातो. असे उत्पन्न वर्षानुवर्षे सारखे राहील, असे धरून चालता येत नाही.

प्रश्न : गावातील सर्व जमीन ग्रामसभेच्या नावे केली असेल, तर शेतकऱ्याच्या हाती काय उरले? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : कसण्याचा हक्क उरला आणि तो वारसांनाही मिळतो. मेंढ्याने 2013 मध्ये महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, 1964 नुसार ग्रामदानाचा निर्णय घेतला. विनोबांच्या चळवळीतून आलेल्या या कायद्याप्रमाणे जमिनीची मालकी गावाकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढला जातो आणि उरलेली जमीन पूर्वीचाच शेतकरी कसतो. ती बाहेरच्या माणसाला विकता मात्र येत नाही. कर्जापायी वा एखाद्या आमिषापायी आदिवासींच्या जमिनी हातच्या गेल्याचा अनुभव ज्या भागाला आहे, तेथे विक्रीचे स्वातंत्र्य गमावणे हा तोटा की संरक्षण, हे ज्याने त्याने ठरवावे. कायदा जुना असूनही त्याची अंमलबजावणी सहज झाली नाही. त्यासाठी ग्रामसभेला उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत जावे लागले.

प्रश्न : आमचे गाव जंगलाला लागून आहे, पण आम्ही आदिवासी नाही. आम्हाला सामूहिक वनहक्काचा दावा करता येईल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : करता येईल. कायद्यात ‘इतर पारंपरिक वननिवासी’ असा स्वतंत्र वर्ग आहे. त्यासाठी 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या किमान तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षे, आपण तेथे राहत असल्याचे आणि उपजीविकेसाठी वनजमिनीवर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते. प्रथम ग्रामसभेने वनहक्क समिती निवडावी. तीत 10 ते 15 सदस्य असतात आणि किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. समितीने केलेल्या पडताळणीवर ग्रामसभा ठराव करते, तो उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जातो. पुराव्यांसाठी निस्तार पत्रक (जंगल वापरण्याच्या गावाच्या हक्कांची जुनी नोंद), वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची जुनी नोंद), जुने नकाशे यांचा शोध घ्यावा. गावातील वृद्धांचे लेखी निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. वैयक्तिक दाव्याला चार हेक्टरांची मर्यादा आहे, ती सामूहिक दाव्याला लागू नाही. म्हणून दावा भरण्यापूर्वी शेजारच्या गावांना बोलावून शिवारफेरी करावी, पारंपरिक हद्द त्यांच्यासमक्ष ठरवावी आणि त्यांच्या सह्या घ्याव्यात. पुढे वाद निघाले तर ते बहुधा याच टप्प्यावर निघतात.