घराणं, भावकी की घराणेशाही?

नांदेडच्या एका पोरानं विचारलंय की कॉलेजच्या अंकासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर लेख लिहायलोय, "अमेरिकेतल्या चार घराणेशाही" असं शीर्षक चालेल का. नाही चालणार बाळा. घराणेशाही ही रीत झाली, कारभाराची पद्धत, ती एक-दोन-चार अशी मोजत नाहीत, मोजायची ती घराणी. "चार घराणी" लिही.

पण मला त्याच्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे की तू अ‍ॅडम्स, जॉन्सन, रूझवेल्ट आणि बुश ही चारही नावं एकाच दावणीला बांधलीत, आणि आपल्या भाषेत ह्यांच्यासाठी शब्द वेगवेगळे आहेत.

जॉन्सन तर काढूनच टाक. अँड्र्यू जॉन्सन 1865 ला आणि लिंडन जॉन्सन 1963 ला, दोघंही उपराष्ट्राध्यक्ष होते आणि आधीच्या अध्यक्षाचा खून झाला म्हणून खुर्चीवर आले, एक लिंकनच्या जागी, एक केनेडीच्या, त्यामुळं वाटतं काहीतरी नातं असंल, पण ते नुसते आडनावबंधू. आपल्याकडं जाधव-पवार गावोगाव आहेत, सगळ्यांचं सुतक थोडंच एकमेकांना लागतं.

रूझवेल्ट म्हणजे भावकी. थिओडोर (1901 ते 1909) आणि फ्रँकलिन (1933 ते 1945) ह्यांचा मूळपुरुष एक पण कैक पिढ्या मागं, आणि पक्षही वेगळे, पहिला रिपब्लिकन, दुसरा डेमोक्रॅट. पक्ष वेगळे झाले म्हणून भावकी तुटत नाही हे आपल्याला सांगायची गरज नाही, 2019 ला परळीत धनंजय मुंडे आणि पंकजा मुंडे, चुलत भाऊ-बहीण, समोरासमोर लढले. फ्रँकलिनची बायको एलिनॉर ही थिओडोरची सख्खी पुतणी, म्हणजे माहेर रूझवेल्ट आणि सासरही रूझवेल्ट. 1905 ला तिचं लग्न झालं तेव्हा बाप हयात नव्हता, तिला नवरदेवाच्या हाती दिलं ते चुलत्यानं, आणि तो चुलता तेव्हा देशाचा अध्यक्ष होता! आपल्यात भावकीत सोयरीक होत नाही, त्यामुळं हे नीट दोन वाक्यांत समजावून लिही, नाहीतर वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटंल.

घराणं म्हणावं ते अ‍ॅडम्सला. बाप जॉन 1797 ला, लेक जॉन क्विन्सी 1825 ला अध्यक्ष, आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण दोघंही मुख्यमंत्री झाले तसं. हॅरिसन घाल की त्या यादीत, आजा 1841 ला अध्यक्ष झाला पण महिनाभरातच वारला, आणि नातू 1889 ला अध्यक्ष झाला. मात्र "नातवानं गादी चालवली" असं लिहू नकोस, गादी चालवणं म्हणजे सलग चालवणं, इथं मधी 48 वर्षं गेली.

आता बुश. 1980 पासून 2004 पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार म्हणा की उपाध्यक्षपदाचा उमेदवार म्हणा, एक तरी बुश नाहीतर क्लिंटन होताच, तेव्हा घराणेशाही हा शब्द तोंडात येणारच. मी तरी तो तिथं हात राखूनच वापरीन, कारण आपल्याकडं लोकं घराणेशाही म्हणायलेत ते तिकिटावरून, वरून यादी येती आणि साहेबांच्या पोराचं नाव तिच्यात असतं, कार्यकर्ता सतरंज्या उचलत राहतो. अमेरिकेत पक्षाची उमेदवारीसुद्धा आधी राज्याराज्यात मतदानानं ठरती आणि तिथंच 2008 ला हिलरी क्लिंटन ओबामांपुढं हरल्या, 2016 ला जेब बुश तर भाऊ आणि बाप दोघं माजी अध्यक्ष असूनही सुरुवातीच्याच राज्यांत मागं पडले आणि माघार घेतली. आडनावाचा फायदा झाला, वशिला झाला, दबदबा होता, हे सगळं लिही.

फिलिपिन्सवर लिहिशील तेव्हा मात्र बिनधास्त घराणेशाही लिही. मार्कोस 1965 ते 1986 सत्तेवर, 2022 ला त्यांचा मुलगा अध्यक्ष, आणि उपाध्यक्ष कोण, तर मावळते अध्यक्ष दुतेर्ते ह्यांची लेक.