बॅक बॉयलरच्या वायरिंगसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न असा: इंग्लंडमध्ये सात वर्षं राहिलेल्या एका मराठी कुटुंबाने हेरफर्डशरमधल्या खेड्यात जुनं घर घेतलंय. गॅसलाइन नाही, हीटिंग तेलाच्या बॉयलरवर. बैठकीतल्या लाकडाच्या स्टोव्हला मागे बॅक बॉयलर आहे, म्हणजे त्याच जाळावर घरासाठी पाणी तापवणारी टाकी, पण ते पाणी फिरवणारा पंप भिंतीवरच्या साध्या बटणावर. एका रात्री बटण लावायचं राहिलं आणि पाइप धडधडायला लागले. दोन्ही बॉयलर जोडायच्या वायरिंगचे इलेक्ट्रिशियनने 1,900 पौंड सांगितलेत. त्यासाठी पुण्यातली 2,20,000 रुपयांची एनआरई एफडी (परदेशस्थ भारतीयांच्या खात्यातली मुदत ठेव) मोडावी का, असं ताई विचारतात.

ताई, एफडी मोडू नका. आणि तूर्त त्या स्टोव्हमध्ये जाळही करू नका.

तुमच्या एफडीला दहा महिने झालेत. एनआरई एफडी वर्षाच्या आत मोडली तर व्याज शून्य. सात टक्क्यांनी वर्षाचे साधारण 15,400 रुपये होतात, ते दोन महिन्यांसाठी सोडायचे कशाला? (हे व्याज भारतात करमुक्त असलं तरी ब्रिटनच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, ते राहिलं असेल तर बघा.)

आता कोटेशन. त्यात दोन वेगळी कामं एकाच आकड्यात बसवलीत. पहिलं 350 पौंडांचं: स्टोव्हकडून येणाऱ्या पाइपवर थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की पंप आपोआप सुरू होईल, आणि पाणी फारच तापलं तर खोलीचा थर्मोस्टॅट बंद असला तरी पंप चालू ठेवणारा दुसरा थर्मोस्टॅट. हे करायचंच, आणि या महिन्याच्या पगारातून. आपल्या बंबासारखंच आहे हे. पेटलेल्या लाकडाला बटण नसतं. उष्णता पाण्यात येतच राहते आणि ती कुठेतरी न्यावीच लागते.

वीज गेली तर मात्र ही वायरिंग निकामी. तेव्हा गरम पाणी आपसूक वर चढून, गार खाली उतरून सिलिंडरकडे, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीकडे, फिरत राहिलं पाहिजे, आणि त्या वाटेत बंद होणारा एकही व्हॉल्व्ह नको. पाइप तसे आहेत का, हे हेटास-नोंदणीकृत (हेटास म्हणजे लाकूड-कोळशाच्या स्टोव्हचं काम करणाऱ्यांची ब्रिटनमधली नोंदणी संस्था) माणसाकडून आधी तपासून घ्या. खर्च टाळायला कुणी ‘पाइप कापून बंद करू’ म्हणालं तर साफ नाही म्हणा. आत पाणी अडकलेल्या बंद बॉयलरखाली जाळ झाला तर स्फोट होतो.

दुसरं काम 1,550 पौंडांचं: रिले (विजेवर चालणारा स्विच), मोटराइज्ड व्हॉल्व्ह (मोटरने उघडबंद होणारा), स्टोव्ह तापला की तेलाचा बॉयलर आपोआप थांबवणारी जोडणी. यजमानांना हे हवंय, कारण शेजारी पाडलेल्या ॲशच्या झाडांचं लाकूड फुकट देतायत. हिशोब करू. वाळलेलं लाकूड किलोमागे साधारण 4 युनिट उष्णता देतं, स्टोव्हमधून त्यातली सत्तर टक्के हाती येते. एका टनातून 2,800 युनिट, म्हणजे जवळपास 300 लिटर तेल. तुम्ही शेवटचं तेल लिटरला 65 पेन्सने घेतलंत, म्हणजे वर्षाला एक टन जाळून 195 पौंड वाचतील. त्यातूनही निम्मीअधिक उष्णता खोलीला मिळते, ती या जोडणीशिवायही मिळणारच. शिवाय ओलं लाकूड वर्ष-दोन वर्षं रचून वाळवावं लागेल. सगळी बचत जोडणीच्या नावावर धरली तरी 1,550 वसूल व्हायला आठ वर्षं.

आणि तुम्हीच लिहिलंय, तीन-चार वर्षांत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारं विजेचं यंत्र) घ्यायचाय. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याला सध्या 7,500 पौंडांचं सरकारी अनुदान मिळतं, इन्स्टॉलर ते बिलातूनच वजा करतो. तेव्हा तेलाचा बॉयलर जाईल आणि ही जोडणी त्याच्याबरोबर. एफडी पिकली की तो पैसा त्या कामासाठी बाजूला ठेवा.

इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही कामांचे वेगळे आकडे लेखी मागवा. सही करण्याआधी मला पाठवलेत तर बघून सांगेन.