टोल्की गेल्यानंतरचा स्ट्रॅटोव्हेरियस हा 'खरा' स्ट्रॅटोव्हेरियस आहे का? ऐकायचा तर कुठून सुरुवात करू?

हो, खराच आहे. (स्ट्रॅटोव्हेरियस म्हणजे फिनलंडचा मेटल बँड, आणि टिमो टोल्की त्याचा अनेक वर्षांचा गिटारिस्ट.) पण प्रश्नातल्या त्या 'खरा' शब्दाने मला लिहायला बसवलं, कारण हा शब्द मी स्वतः झेललाय.

आमचा एक हौशी बँड होता. ज्याने तो सुरू केला तो गिटारिस्ट भांडण होऊन निघून गेला आणि त्याच्या जागी मला घेतलं. पहिल्या प्रॅक्टिसला गेलो तर अँपवर त्याच्या अक्षरातली सेटलिस्ट चिकटवलेली, प्रत्येक गाण्यापुढे ट्यूनिंग आणि पेडल कुठे दाबायचं त्याच्या बारीक खुणा. ती कोणी काढली नव्हती, मीही काढली नाही. दोन महिने रोज रात्री मेट्रोनोम लावून त्याचे सोलो बसवले, आधी अर्ध्या स्पीडला, मग दर दोन दिवसांनी थोडं थोडं वाढवत, डाव्या हाताच्या बोटांची सालं निघेपर्यंत. आणि पहिल्याच शोला दोन गाण्यांच्या मध्ये सगळं शांत असताना समोरून एकजण जुन्या गिटारिस्टचं नाव घेऊन ओरडला. तो परका नव्हता, आमच्याच ग्रुपमधला मित्र होता. नंतर भेटून म्हणाला, "वाजवलंस चांगलं, पण हा आता तो बँड नाही राहिला."

याच मित्राने 2009 मध्ये स्ट्रॅटोव्हेरियसचा टोल्कीशिवायचा पहिला अल्बम 'पोलॅरिस' आला तेव्हा एकही गाणं न ऐकता निकाल दिला होता की टोल्की नाही म्हणजे विषय संपला. तेव्हापासून आमचा वाद चालू आहे.

आता मुद्द्याचं. 2008 मध्ये टिमो टोल्कीने बँड संपल्याचं परस्पर जाहीर केलं, बाकीच्यांनी नाही म्हटलं, आणि शेवटी त्यानेच नावाचे हक्क गायक कोटिपेल्टो, कीबोर्डवाला येन्स योहान्सन आणि ड्रमर यॉर्ग मिखाएल या तिघांच्या नावावर सही करून दिले. म्हणजे कोणी नाव चोरलेलं नाही. आणि घसरण तो गेल्यावर सुरू झाली हेही मला मान्य नाही, 2005 चा बँडच्या नावाचाच अल्बम टोल्की असतानाचा आहे, तो ऐका, डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेले वेगवान ड्रम) जवळजवळ गायब, कीबोर्ड मागे ढकललेला, कोटिपेल्टोचा वरचा आवाज वापरलेलाच नाही. ज्या गोष्टींसाठी आपण हा बँड ऐकतो त्या सगळ्या बाजूला ठेवलेला अल्बम आहे तो.

टोल्कीच्या जागी गिटारवर मातियास कुपियाइनेन आला. 'पोलॅरिस' मला थोडा सावध वाटतो, नवीन माणूस घरात वावरताना जपून वावरतो तसा. 2011 चा 'इलीझियम' मोकळा झालाय, शेवटचं गाणं अठरा मिनिटांचं आहे आणि एवढं लांब असूनही सुटत नाही. त्याच सुमाराला यॉर्ग मिखाएलला थायरॉईडचा कॅन्सर निघाला, उपचार घेऊन तो परत वाजवायला आला आणि 2012 च्या सुरुवातीला बँडमधून बाहेर पडला, म्हणजे परत बदली माणूस, यावेळी ड्रमवर रोल्फ पिल्वे. आणि पुढच्याच वर्षी 'नेमेसिस'!! मी तो पहिल्यांदा हेडफोनवर ऐकला तेव्हा पहिलं गाणं संपल्यावर पुढे गेलोच नाही, तेच परत लावलं. गिटारचा आवाज जाड आणि आजचा, योहान्सनचे कीबोर्ड पुन्हा पुढे, पिल्वेचे पाय थांबत नाहीत, आणि कोरस असे की दुसऱ्यांदा ऐकताना आपण सोबत गातो. कुपियाइनेन टोल्कीची नक्कल करत नाही हे मला सगळ्यात जास्त भिडलं, कारण मी तेच करत बसलो होतो, दुसऱ्याच्या खुणांप्रमाणे पेडल दाबत.

माझ्या मित्राचा शेवटचा मुद्दा कायम एकच, "मूळ मेंबर कोण उरलाय?" कोणीच नाही. पण मग टोल्कीही मूळ नाही! 1984 मध्ये हेलसिंकीत हा बँड सुरू केला ड्रमर तुओमो लासिलाने, तेव्हा नाव ब्लॅक वॉटर होतं, गिटारवर स्टाफान स्ट्रालमान होता. तो गेला म्हणून 1985 मध्ये टोल्कीला आणलं. कोटिपेल्टो यायच्या आधीचे तीन अल्बम टोल्कीने स्वतः गायलेत, कोटिपेल्टोही बदलीच. लोक ज्याला सुवर्णकाळ म्हणतात ती 'एपिसोड' आणि 'व्हिजन्स' या अल्बमवाली पाच जणांची टीम जमली 1995-96 च्या सुमाराला, आणि तोपर्यंत लासिलाही गेलेला होता. मग 'खरा' नेमका कुठल्या सालचा धरायचा?

एक सांगायलाच हवं, टोल्कीला मी कमी लेखत नाहीये. 'व्हिजन्स' मुख्यतः त्याने लिहिलाय आणि तो नसता तर मी गिटार हातात घेतली नसती. आणि 2015 च्या 'इटर्नल'बद्दल माझं मत अजून पक्कं नाही, काही गाणी खूप आवडतात, काही पुढे ढकलतो.

तुम्ही 'नेमेसिस'पासून सुरू करा, मग 2022 चा 'सर्व्हाइव्ह', जो सात वर्षांनी आला तरी कुठेही थकलेला वाटत नाही. 'व्हिजन्स' त्यानंतर. जुनं आधी ऐकलं की प्रत्येक सोलोला कान दुसऱ्याच माणसाला शोधत राहतात, तसं करू नका, नवीन माणसाला त्याचं ऐकवू द्या.

आणि तो मित्र हे वाचत असेल तर त्याला एवढंच विचारायचंय, 1985 मध्ये टोल्की पहिल्यांदा स्टेजवर उभा असताना समोरून कोणी स्ट्रालमानचं नाव घेऊन ओरडलं असतं, तर तू त्याला काय म्हणाला असतास?