गोव्यात विहिरीच्या पाण्यावर आफ्रिकन सिक्लिड पाळता येतील का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: म्हापशाला घर, विहिरीचं पाणी, घरात रिकामा पडलेला २ फुटी टँक, आणि दुकानदार सांगतोय, "मूठभर मीठ टाका, आफ्रिकन मस्त राहतात." माझं उत्तर: सिक्लिड कुळातले हे आफ्रिकन मासे राहतील, विहिरीचं पाणीही चालेल, पण मीठ नको आणि या माशांसाठी २ फुटी टँक विसरा. मी फोंड्याला हे मासे ठेवतो. पहिली दोन वर्षं ते पाळण्यापेक्षा मारण्यातच गेली, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय.

दुकानदाराच्या डोक्यात बहुधा आपला काळुंदर असावा. आपण रवा लावून तळतो तो काळुंदरही सिक्लिडच, भारतातल्या तीन मूळ सिक्लिडांपैकी एक. तो खाजनातल्या मचूळ पाण्यात सुखाने राहतो. दुकानातले निळे-पिवळे आफ्रिकन मात्र बहुतेक मलावी तलावातले, आणि तो तलाव गोड्या पाण्याचा आहे. तिथलं पाणी फार जडही नाही, म्हणजे त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार फार नाहीत, पण अल्कलाइन आहे, आम्लाच्या उलट, पीएच साधारण ७.७ ते ८.६. खायच्या मिठाने पीएच वाढत नाही आणि पाण्याचा जडपणाही वाढत नाही. म्हणजे मूठभर मीठ वाया, वर मासे त्रासलेले.

आपली अडचण नेमकी उलटी. जांभ्या दगडातून झिरपलेलं विहिरीचं पाणी हलकं आणि जरा आम्लाकडे झुकलेलं असतं. माझ्या विहिरीचा कार्बोनेट हार्डनेस, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारा पाण्यातला कार्बोनेटचा साठा, मे महिन्यात ४ डिग्री भरतो, जुलैत २. पाऊस विहिरीत उतरला की ही घसरण होते, आणि पहिल्या वर्षी मी तिथेच फसलो. उन्हाळ्यात सगळं ठीक होतं म्हणून पावसातही तसंच पाणी बदलत राहिलो. पंधरा दिवसांत मासे एका कोपऱ्यात, पंख मिटून. तेव्हा थेंबांचं टेस्ट किट घ्या, आणि जूनपासून दर वेळी पाणी बदलण्याआधी बादलीतलं पाणी तपासा.

पीएच वाढवायच्या बाटल्यांवर पैसे घालवू नका. त्या पाण्यात पीएच आज चढतो, परवा उतरतो, आणि माशांना हा झोकाच जास्त बाधतो. स्वयंपाकघरातला खायचा सोडा पुरतो. ५० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे लहान चमचाभर सोडा कार्बोनेट हार्डनेस साधारण ३ डिग्रीने वाढवतो. तो नव्या पाण्यात आधी विरघळवायचा, थेट टँकमध्ये ओतायचा नाही. दुसरा उपाय तर आपल्या उकिरड्यावरच पडलेला असतो: तिसऱ्यांची टरफलं. उकळून, घासून, उन्हात वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवा. पाणी आम्लाकडे झुकलं की ती हळूहळू विरघळतात. आमच्याकडे तिसऱ्यांचं सुकं झालं की आई न सांगता टरफलं वेगळी काढते.

दगड रचताना जांभ्याचा चिरा वापरू नका, भुसभुशीत असतो, त्याची लाल माती सुटत राहते. खाणीचा काळा दगड उत्तम. आधी काचेवर थर्माकोल, त्यावर दगड, मग रेती, कारण हे मासे रेती उकरतात. रेतीवर ठेवलेला दगड एक दिवस काचेवर येतो.

आता भांडणं. मी सुरुवातीला २ फुटी टँकमध्ये आठ 'मिक्स आफ्रिकन' आणले होते. त्यात पिवळ्यावर काळे पट्टे असलेलं एक देखणं पिल्लू होतं, ऑराटस. वयात आल्यावर नर काळपट झाला आणि चार महिन्यांत टँकमध्ये तो एकटाच उरला. खडकात राहणाऱ्या या माशांना तिकडे म्बुना म्हणतात. प्रत्येक नर आपली कपार राखतो. कमीत कमी ४ फूट लांब, दीड फूट रुंद टँक हवा, भरल्यावर अडीचशे लिटरच्या आसपास. त्यात दोन-चार नव्हे, पंधरा-वीस मासे सोडायचे, म्हणजे मार एकावर पडत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या. सुरुवात यलो लॅब या पिवळ्या म्बुनाने करा, स्वभावाने त्यातल्या त्यात सज्जन. ऑराटस आणि केनयी कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नका.

फिल्टर चालू करून लगेच मासे सोडू नका. चार ते सहा आठवडे टँक मुरू द्या, म्हणजे माशांच्या घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जीवाणू फिल्टरमध्ये तयार होतात. अमोनिया सगळ्याच माशांना मारतो, पण पीएच चढा असला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो, तेव्हा आफ्रिकनांच्या बाबतीत घाई महाग पडते.

खाणं: स्पिरुलिना असलेले दाणे, थोडे, दिवसातून दोनदा. म्बुना खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे. मी एकदा लाडाने सुंगटं (कोळंबी) बारीक चिरून आठवडाभर घातली, तीन माशांची पोटं फुगली, एकही वाचला नाही.

हीटर आपल्याकडे लागत नाही. मेमध्ये पाणी ३० च्या वर गेलं की झाकण उघडून पंखा लावा आणि एअर पंप वाढवा. दमट हवेत पंख्याचा उपयोग कमीच होतो, पंपाचा जास्त. पावसात वीज जाते, म्हणून बॅटरीवरचा पंप घरात असू द्या.

२ फुटी टँकच वापरायचा हट्ट असेल, तर टांगानिका तलावातले मल्टी शोधा. बोटाच्या दोन पेरांएवढे मासे, रिकाम्या शंखात राहतात. भातशेतातल्या गोगलगायींचे शंख उकळून घातले की त्यांचं घर तयार. शोधावे मात्र लागतील.

आणि पिल्लांची तयारी ठेवा. म्बुनाची मादी अंडी तोंडात धरते आणि साधारण तीन आठवडे जवळजवळ काही खात नाही. आमच्या आईने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "हिला गालगुंड झालंय का रे?" पिल्लं जास्त झाली तर दुकानात परत द्या, ओळखीच्यांना वाटा, पण तळीत किंवा ओहोळात सोडू नका. १९५२ मध्ये भारतात आणलेला मोझांबिकचा तिलापियाही आफ्रिकन सिक्लिडच, आणि तो आता आपल्या तळ्यांतून हटायला तयार नाही.