डोक्यात पू, मग ताप कसा नाही?

प्रश्न : धाकटा भाऊ २४ वर्षांचा, रबाळे एमआयडीसीत कामाला. डावा कान लहानपणापासून वाहतो. दोन आठवडे डोकं दुखलं, मग बोलताना साधे शब्द सुचेनात. ताप एकदाही नव्हता. एमआरआयमध्ये ३ सेंटिमीटरची, कडा उजळलेली गाठ दिसली. एक डॉक्टर टीबी म्हणतात, दुसरे म्हणतात पू आहे, सुईने काढू. पाठीतलं पाणी तपासून भागणार नाही का? आणि पू काढल्यावरही सहा आठवडे इंजेक्शनं कशाला?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : मेंदूत पू साठला की डोकेदुखी, ताप आणि मेंदूच्या एखाद्या कामात बिघाड ही तिन्ही लक्षणं साधारण पाचांतल्या एकाच रुग्णात एकत्र दिसतात. निम्म्याजणांना तापच नसतो. तुमच्या भावाच्या बाबतीत खरी खूण कानाची आहे. मध्यकर्णाचं छत म्हणजे हाडाचा पातळ पापुद्रा. कान वर्षानुवर्षं वाहिला की तो झिजतो आणि जंतू वर मेंदूच्या टेम्पोरल, म्हणजे कानालगतच्या, भागात शिरतात. बहुतेकांची भाषेची केंद्रं डावीकडेच असतात, म्हणून शब्द अडले.

कडा उजळलेली गाठ टीबीची, फीतकृमीच्या अळीची किंवा कर्करोगाचीही असू शकते. रिपोर्टमध्ये डिफ्यूजनबद्दल, म्हणजे पाण्याचे रेणू किती मोकळे फिरतात हे दाखवणाऱ्या एमआरआयच्या चित्राबद्दल, काय लिहिलंय ते बघा. दाट पुवात पाण्याचे रेणू अडकतात, म्हणून त्या चित्रात गाठीचा मध्यभाग पांढरा दिसतो. टीबीची एखादी गाठही हुबेहूब तशीच दिसते, हीच पंचाईत. नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड सुरू करणं आम्हाला पटत नाही.

पाठीतलं पाणी काढू देऊ नका. डोक्यात दाब वाढलेला असताना खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जाऊ शकतं. शिवाय त्या पाण्यात जंतू क्वचितच सापडतात.

२.५ सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ सहसा सुईने रिकामी करतात. पू हवा न लागू देता, बंद सिरिंजमधून लगेच लॅबमध्ये जायला हवा. हवेत मरणारे जंतू नुसत्या कापसाच्या काडीवर टिकत नाहीत आणि कल्चर (जंतू वाढवून ओळखायची तपासणी) कोरं येतं. त्याच नमुन्यावर टीबीची जीनएक्सपर्ट तपासणीही मागा. रुग्ण सावध असेल आणि २४ तासांत सुई घालता येत असेल, तर तोवर अँटिबायोटिक थांबवतात. गुंगी आली असेल तर मात्र थांबायचं नाही.

पुवाभोवतीच्या कवचातून औषध आत जेमतेम झिरपतं, म्हणून ६ ते ८ आठवडे लागतात. नेहमीची जोडी अशी : सेफ्ट्रिअॅक्सोन २ ग्रॅम दर १२ तासांनी आणि मेट्रोनिडाझोल ५०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. कल्चर आल्यावर ती बदलू शकते. मेट्रोनिडाझोलने हातापायांना मुंग्या आल्या किंवा तोल जाऊ लागला, तर लगेच सांगा. पुन्हा काढलेल्या स्कॅनमध्ये उजळ कडा काही महिने राहते, तिला घाबरू नका. गाठ लहान होतेय ना, एवढं पाहा. एकाएकी भयंकर डोकेदुखी, मान ताठ आणि गुंगी आली, तर पू मेंदूच्या पोकळीत फुटल्याची शक्यता असते. मध्यरात्र असली तरी न्यूरोसर्जन असलेल्या रुग्णालयात न्या.

फिट येण्याचा धोका असतो, त्यामुळे डॉक्टर सांगेपर्यंत बाइक बंद. आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळ आताच घ्या. कानामागचं सडलेलं हाड साफ केलं नाही, तर त्याच वाटेने पू पुन्हा वर जाईल.