गिल्ड वॉर्स २ या ऑनलाइन गेममध्ये एकट्याने खेळायचं तर कॅरेक्टर कोणतं बनवावं?

पेशा रेंजर (धनुर्धारी) घे भावा, नाहीतर नेक्रोमॅन्सर (मेलेल्यांना कामाला लावणारा मांत्रिक). मी कोल्हापुरात बसून पहिल्यांदा एलिमेंटलिस्ट (आग-पाण्याची जादू करणारा) घेतला होता, दिसायला नाद खुळा, पण अंगात कापड आणि प्राण मुठीत. त्यात या गेमचे सर्व्हर युरोप-अमेरिकेत. आपल्याकडून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त लागतो, वार चुकवायला बटण दाबेपर्यंत आपण आडवे. रेंजरचा पाळीव प्राणी पुढे जाऊन मार खातो आणि आपण लांबून बाण सोडायचे. नेक्रोमॅन्सरकडे हाडामांसाचे चेले असतात, शिवाय 'डेथ श्राउड' म्हणजे जणू दुसरा जीवच. उशीर झाला तरी निभतं.

वंश निवडताना डोकं खाजवू नकोस. 'चार' (Charr, मांजरासारखे शिंगवाले), असुरा, नॉर्न, सिल्व्हारी, माणूस, पाचही ताकदीला सारखेच. फरक पडतो तो कथेत, सुरुवातीच्या नकाशात आणि दोन-चार कौशल्यांत. 'चार' वंशाचा देह मात्र एवढा थोराड की उड्या मारायच्या कोड्यांत कॅमेऱ्यात त्याची पाठच दिसते. आपल्या तालमीतला पैलवान जिन्याखालून काढावा तसं!

चेहरा नंतर पैसे देऊन बदलता येतो, वंश आणि पेशा नाही. फुकट खात्यात कॅरेक्टरच्या २ जागा असतात, म्हणून एकीत रेंजर, दुसरीत नेक्रोमॅन्सर करून दोन्ही थोडे खेळून बघ.

आणि एकटा म्हणजे अगदी एकटा नसतोसच. वाटेत कुणी राक्षसाशी झुंजत असेल तर दोन बाण मार, लूट ज्याची त्याला वेगळी मिळते, भांडण नाही. डंजन (गटाने लढायच्या वेगळ्या जागा) तेवढे पाचजणांच्या हिशोबाने बनवलेत.